राणीसावरगावच्या वाटेवर : बलुते, दक्षिणा आणि बक्षिसी

परभणीहून परळी वैजनाथाकडे जाणाऱ्या लोहमार्गावर गंगाखेड हे गोदाकाठचे गाव लागते. संत जनाबाईंचे जन्मस्थान म्हणून या गावाची ख्याती आहे. येथून बालाघाटाच्या अंगास वळले, की नदीकाठची सपाट काळी जमीन हळूहळू मागे पडते, माळावरची माती मुरमाड होत जाते, आणि ज्वारी, तूर व कापूस यांची शेते टेकड्यांच्या कुशीत तुकड्यातुकड्यांनी दिसू लागतात. याच गंगाखेड तालुक्यात राणीसावरगाव हे रेणुकादेवीचे ठाणे आहे. माहूरची रेणुका, तुळजापूरची भवानी, अंबाजोगाईची योगेश्वरी या मोठ्या क्षेत्रांची नावे ज्यांच्या कानांवर नित्य पडतात, त्यांस हे ठाणे कदाचित ठाऊकही नसेल. परंतु भोवतालच्या पंचक्रोशीत या देवीचा मान मोठा असून नवरात्रात येथे भाविकांची दाटी होते.

आम्ही तेथे गेलो ते दर्शनाच्याच हेतूने. तथापि क्षेत्रांची वर्णने वाचकांनी पुष्कळ वाचली असतील. त्यांत आणखी एकाची भर घालण्याचा आमचा मानस नाही. या प्रवासात एक निराळीच गोष्ट मनात घोळत राहिली, ती येथे मांडावयाची आहे. घरून निघाल्यापासून परत येईपर्यंत हात सारखा खिशाकडे जात होता, आणि प्रत्येक वेळी दिलेल्या पैशाचे नाव निराळे होते. पुजाऱ्यास दिली ती दक्षिणा. आराधिणीच्या परडीत घातला तो जोगवा. स्थानकावर ओझे उचलून देणाऱ्यास ठरल्यापेक्षा अधिक दिले ते चहापाणी. हमरस्त्यावरील हॉटेलात बडीशेपेच्या ताटलीत ठेवली ती बक्षिसी. आणि लवकरच दिवाळीस घरच्या मोलकरणीच्या हाती ठेवावयाची ती पोस्त. यांतील बहुतेक ठिकाणी कोणी तरी आपल्यासाठी काही तरी काम केले होते, आणि त्याबद्दल आपण काही तरी दिले होते. असे असूनही यांतील एकासही आपण मजुरी म्हणत नाही. मजुरी ठरलेली असते. हे सारे देणाऱ्याच्या मर्जीवर असते. ठरलेले आणि मर्जीचे यांच्यातील हा भेद वरवर पाहता लहान वाटतो. परंतु ज्याचे पोट त्यावर अवलंबून असते, त्याच्या दृष्टीने तो फार मोठा आहे.

आपल्या खेड्यांत चाकरीचा मोबदला देण्याची जुनी रीत म्हणजे बलुते. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या 'गांव-गाडा' या ग्रंथात गावकारभाराबरोबर तिचेही सविस्तर वर्णन केले आहे. बारा बलुतेदारांची यादी मुलुखाप्रमाणे थोडीफार बदलते. पण सुतार, लोहार, महार व मांग ही थोरली ओळ, कुंभार, चांभार, परीट व न्हावी ही मधली, आणि भट, मुलाणा, गुरव व कोळी ही धाकटी, अशी मांडणी सामान्यतः सांगतात. या ओळीस 'कास' असाही शब्द आहे. ही मांडणी मानाची नव्हे, धान्याच्या वाट्याची होती, हे ध्यानात ठेवले पाहिजे. ज्याच्यावाचून शेतकऱ्याचा नांगर अडतो, त्याचा वाटा थोर. ज्याच्यावाचून काही काळ निभावते, त्याचा धाकटा. पंचांग सांगणारा आणि लग्नमुंज लावणारा भट मानाने सर्वांच्या वर बसत असला, तरी राशीवर त्याची गणना तिसऱ्या ओळीत होई, ही गोष्ट आपल्या घरांतील तरुण मंडळींस बहुधा नवीन वाटेल.

या व्यवहारात कामागणिक पैसा नसे. औताचा फाळ शेवटला, गाडीचे चाक निखळले, पायीची वहाण तुटली, म्हणजे ज्याचे त्याने ते काम करून द्यावे, आणि सुगीत खळ्यावर रास पडली म्हणजे आपला वाटा न्यावा. याखेरीज सणावारी पोळी, लग्नकार्यात मानाचे धोतर किंवा लुगडे, आणि काही बलुतेदारांस रोजची भाकरी. या रीतीत गुण नव्हते असे नाही. कारागिरास गाव सोडून गिऱ्हाईक शोधीत हिंडावे लागत नसे. गरीब कुणब्याजवळ पावसाळ्यात पैसा नसला, तरी त्याची पेरणी सुताराच्या बिलापायी अडत नसे. आणि मुख्य म्हणजे बलुते हा हक्क समजला जाई. तो वडिलार्जित होता, त्याच्या वाटण्या होत, त्यावरून तंटे होत. जी वस्तू केवळ दुसऱ्याची कृपा असते, तिच्यासाठी कोणी तंटा करीत नाही.

मग ही रीत मोडली याचे वाईट का वाटू नये? देवळाच्या बाहेर सावलीत बसलेल्या एका वृद्ध शेतकऱ्यापाशी आम्ही हा विषय काढला. त्यांनी बालपणी आपल्या खळ्यावर बलुतेदार येताना पाहिले होते. आम्ही विचारले, "आजोबा, खळ्यावर कोणास किती द्यावयाचे हे तर ठरलेले असे ना?" ते म्हणाले, "ठरलेलं होतं की. पण माप आमच्या हातात होतं. साल बरं असलं तर सढळ हातानं घालायचं, नसलं तर उद्या ये म्हणायचं. तो उद्या यायचा, परवा यायचा. भांडायचा नाही. भांडून जाणार कुठं?"

या थोड्या शब्दांत त्या गृहस्थांनी आम्हांस मोठ्या ग्रंथाचे सार सांगितले. चाकरीच्या कोणत्याही मोबदल्याविषयी तीन प्रश्न विचारावे लागतात. किती द्यावयाचे, ते कोणी ठरविले? कोणी द्यावयाचे? आणि न दिल्यास दाद कोणाकडे मागावयाची? बलुत्याच्या रीतीत पहिल्या दोहोंची उत्तरे बरीवाईट तरी होती; तिसऱ्याचे मात्र नव्हते. कारण ज्याने द्यावयाचे, तोच गावचा पंच, आणि त्याच्याच विहिरीवर, वाटेवर आणि रानावर घेणाऱ्याचे जगणे.

हे दुखणे सर्वांत तीव्र झाले ते महार वतनात. मुंबई इलाख्यात १८७४ च्या वतन कायद्याने महारांची चाकरी बांधलेली होती. हुकूम सरकारचा: टपाल पोहोचवा, सारा गोळा करताना हजर राहा, आलेल्या अंमलदाराची सरबराई करा. मोबदल्याचा मुख्य भाग मात्र सरकारी तिजोरीतून नव्हे, तर थोडी इनाम जमीन आणि रयतेने घालावयाचे बलुते यांतून. सरकारचे काम निष्ठेने करावे तर गावकऱ्याचा रोष होऊन बलुते बंद पडावे. गावाची मर्जी राखावी तर सरकारची शिक्षा व्हावी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा पेच नेमका ओळखला. १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी मुंबई कायदेमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. बलुत्याचे रोख रकमेत रूपांतर व्हावे, आणि चाकरी करणाऱ्यास सरकारकडून ठराविक वेतन मिळावे, हा त्याचा एक मुख्य आशय होता. ते विधेयक त्या वेळी तडीस गेले नाही. पुढे १९५८ साली मुंबई राज्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा केला. भाकरीसाठी दारोदार हात पसरण्याचा तो अनुभव ज्यांच्या घराण्यांनी घेतला, त्यांपैकी दया पवार यांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनास 'बलुतं' हेच नाव दिले. आपण ज्यास ग्रामव्यवस्थेचे कौतुक म्हणून वाचतो, त्याची दुसरी बाजू त्या एका शब्दात आहे.

राणीसावरगावचा मुलूख त्या काळी मुंबई सरकारच्या नव्हे, तर निजामाच्या अमलाखाली होता. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन होईपर्यंत या भागातील खेड्यांनी वेठीचा अनुभव घेतला. अंमलदार मुक्कामास आला म्हणजे गाडी, चारा, सरपण, पाणी यांसाठी गरिबांस कामास जुंपावे, आणि मोबदला मिळालाच तर तो साहेबाच्या मर्जीचा. वेठ आणि बक्षिसी ही परस्परविरुद्ध वाटतात. परंतु जेथे मजुरी ठरलेली नसते, तेथे ती दोन्ही एकाच घरात नांदतात. खुशी झाली तर बक्षीस, नाही तर वेठ.

आता थोडे आपल्या स्वतःच्या घराकडे वळू. वर सांगितलेल्या धाकट्या ओळीतील भट आपल्याच समाजातला. आपल्यापैकी कित्येकांच्या घराण्यांत चार पिढ्यांपूर्वी भिक्षुकी होती. भिक्षुकाच्या प्राप्तीचे नाव दक्षिणा. आणि तिचे माप 'यथाशक्ति', म्हणजे देणाऱ्याने आपल्या शक्तीप्रमाणे ठरवावे असे. त्या शब्दात देणाऱ्याची सोय आहे. घेणाऱ्याच्या घरी किती माणसे जेवावयाची आहेत, याचा त्यात विचार नाही. श्रावणात आणि लग्नसराईत बरे दिवस, चातुर्मासाच्या उरलेल्या काळात ओढाताण, यजमान मोठा असला तर त्याच्या ओसरीवर तिष्ठणे, आणि हातावर पडले ते न मोजता कमरेस लावून आशीर्वाद देणे, हे सारे आपल्या पणजोबांनी केलेले आहे. भेद एवढाच, की हात पसरणाऱ्या त्या माणसाच्या लोक पाया पडत. म्हणून त्यातील लाचारी झाकली जाई. शिवाय इंग्रजी अमलात ग्रामजोशी आपल्या वृत्तीच्या हक्कासाठी न्यायालयाची पायरी चढू शकला, कारण त्यास लिहितावाचता येत होते आणि त्याच्यापाशी कागद होते. इतर बलुतेदारांपैकी फारच थोड्यांस ते साधले असते.

या भिक्षुकांच्या मुलांनी पुढे काय केले? ती इंग्रजी शाळेत गेली, मामलेदार कचेरीत कारकून झाली, शिक्षक झाली, रेल्वेत लागली. पगार पुष्कळदा तुटपुंजा असे. पण तो ठरलेला असे आणि ठरलेल्या तारखेस मिळे. त्यासाठी साहेबाच्या चेहऱ्याकडे रोज पाहावे लागत नसे. निवृत्तिवेतनाचीही सोय असे. आपल्या घरांचे आजचे स्थैर्य त्या ठरलेल्या पगारावर उभे राहिले आहे. ज्या गोष्टीने आपणांस उभे केले, ती आपण दुसऱ्यास नाकारावी काय, हा प्रश्न आम्हांस या प्रवासात पुन्हापुन्हा पडला.

देवळातील व्यवहार या दृष्टीने पाहिला, तर त्यास थोडी निराळी बाजू आहे. देवीच्या नवरात्रात मराठवाड्यात आराध्यांचे मेळे ठिकठिकाणी गातात. गळ्यात कवड्यांची माळ, हाती परडी, आणि पाच घरी जोगवा मागण्याचा नेम. हा जोगवा सुखवस्तू घरच्या स्त्रियाही नवस म्हणून मागतात. त्यात लहानमोठेपणाचा प्रश्न उरत नाही. जेथे देणे आणि घेणे दोन्ही व्रत म्हणून होतात, तेथे मजुरीचा हिशेब लावणे अरसिकपणाचे होईल. परंतु त्याच मेळ्यात रात्रभर संबळ वाजविणारा गोंधळी असतो. गाभारा झाडणारा, ओटा धुणारा, चपला सांभाळणारा असतो. त्यांचे ते व्रत नसून पोट आहे. दानपेटीत नोट टाकताना आपण देवीस दिले असे समजतो. चपला सांभाळणाऱ्यास दोन नाणी देताना मात्र मनात घासाघीस करतो.

आता हॉटेलांची गोष्ट. खेड्यात हॉटेल म्हणजे पत्र्याची शेड, भट्टी, भज्यांची कढई आणि चार बाकडी. तेथे मालक स्वतः चहा करतो, घरचेच कोणी कपबशा विसळते, आणि सुटे पैसे उरले तर गिऱ्हाईक ते मोजून घेते. बक्षिसीचा तेथे प्रश्नच नाही. मालक आणि चाकर एकच असल्यामुळे चहाच्या किमतीत मजुरी आलीच. बक्षिसी सुरू होते ती मोठ्या रस्त्यावर, जेथे वाढणारा एक, गल्ल्यावर बसणारा दुसरा, आणि भांडवल घालणारा तिसरा असतो. अशाच एका ठिकाणी आम्ही जेवावयास थांबलो होतो. वाढणारा तरुण मोठा तत्पर होता. विचारपूस करता त्याने सांगितले, "काका, पगार जेवूनखाऊन आहे. पण घरी पाठवतो ते या ताटलीतलं. आता लोक मोबाईलवर पैसे देतात, सगळे मालकाच्या खात्यात जातात. ताटलीत फक्त बडीशेप उरते."

'जेवूनखाऊन' हा शब्द ऐकताच आम्हांस बलुतेदाराची भाकरी आठवली. दोन वेळचे अन्न आणि रात्री बाकडी जोडून निजावयास जागा, हे पगाराचा भाग म्हणून धरावयाचे, आणि उरलेली तूट अनोळखी गिऱ्हाइकाच्या मर्जीवर सोडावयाची. बलुत्यापेक्षाही ही रीत एका बाबतीत कच्ची आहे. बलुतेदारास राशीवर उभे राहून 'माझा वाटा' असे म्हणता येत होते. वाढप्यास तसे म्हणता येत नाही. म्हटले तर तो उद्धटपणा ठरतो. शिवाय ताटलीतील पैसा वाढणाऱ्यापर्यंत येतो. आत धुराने डोळे चोळीत पोळ्या भाजणाऱ्यापर्यंत आणि मोरीवर बशा घासणाऱ्यापर्यंत तो क्वचितच पोहोचतो. येथेही थोरली आणि धाकटी ओळ आहेच, फक्त ती गिऱ्हाइकाच्या नजरेस कोण पडतो यावरून लागलेली आहे.

कायद्याने या बाबतीत काहीच केले नाही, असे नाही. स्वतंत्र भारतात १९४८ साली किमान वेतनाचा कायदा झाला. त्याची जागा आता वेतनसंहितेने घेतली असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. चौदा वर्षांखालील मुलांस हॉटेलांत, चहाच्या टपऱ्यांवर आणि घरकामास ठेवण्याची मनाई १० ऑक्टोबर २००६ पासून झाली. बिलात परस्पर सेवाशुल्क लावण्याची जी प्रथा शहरांतील हॉटेलांनी पाडली होती, तिच्याविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ती उचलून धरली. म्हणजे बक्षिसी ही ऐच्छिक आहे, ती सक्तीने घेता येणार नाही, हे ग्राहकाच्या बाजूने ठरले. दुसऱ्या बाजूने पाहता, सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली एका हॉटेल कंपनीच्या प्राप्तिकराच्या खटल्यात असा निर्णय दिला, की गिऱ्हाइकाने दिलेली आणि मालकाने नोकरांत वाटलेली बक्षिसी हा पगार नव्हे. कारण तिच्यावर नोकराचा मालकाविरुद्ध हक्क पोहोचत नाही. खटला कराचा होता आणि निर्णय कायद्यास धरून होता. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याचा अर्थ स्पष्ट आहे: बक्षिसी कितीही मिळो, ती वेतनाची जागा घेऊ शकत नाही.

हा प्रश्न केवळ आपल्याच देशाचा नाही. अमेरिकेत १८६५ साली गुलामगिरी संपली. दोन वर्षांनी स्थापन झालेल्या पुलमन कंपनीने आगगाडीच्या शयनडब्यांत उतारूंच्या सेवेसाठी मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय लोकांस नेमले. पगार अगदी कमी, आणि भिस्त उतारूंच्या बक्षिसीवर. या नोकरांस स्वतःच्या नावाने हाक मारण्याचीही उतारूंस गरज वाटत नसे. कंपनीच्या मालकाच्या नावावरून ते सर्वांस 'जॉर्ज' म्हणत. आपल्याकडे टपरीवरील प्रत्येक पोऱ्यास 'छोटू' म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. ज्या लिंकनने गुलामगिरीविरुद्ध युद्ध चालविले, त्याचा मुलगा रॉबर्ट पुढे याच कंपनीचा अध्यक्ष झाला, हा इतिहासातील विचित्र योग होय. १९२५ साली फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली या सेवकांनी संघ उभारला, आणि बारा वर्षांच्या झगड्यानंतर १९३७ साली कंपनीस त्यांच्याशी करार करावा लागला. त्यांनी मागितली ती मोठी बक्षिसी नव्हे. त्यांनी ठरलेला पगार आणि कामाचे ठरलेले तास मागितले.

अमेरिकेत स्थायिक झालेली आपली मुलेबाळे घरी येतात, तेव्हा तेथे बिलाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत बक्षिसी द्यावी लागते अशी तक्रार करतात. त्याचे कारण असे, की तेथील संघराज्याच्या कायद्याप्रमाणे बक्षिसी मिळविणाऱ्या नोकरास मालकाने ताशी २ डॉलर १३ सेंट दिले तरी चालतात. हा आकडा १९९१ पासून बदललेला नाही. सर्वसाधारण किमान वेतन ७ डॉलर २५ सेंट आहे. मधली तूट बक्षिसीने भरून निघाली नाही तर ती मालकाने भरावी, असा नियम आहे. आणि कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी ही सवलत मुळीच ठेवलेली नाही. याउलट फ्रान्समध्ये १९८७ पासून पदार्थाच्या छापील किमतीतच सेवेचा आकार धरावा लागतो. जपानात वाढणाऱ्यास वर पैसे देऊ केले तर तो ते नम्रपणे परत करतो. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून असा कायदा अमलात आहे, की गिऱ्हाइकाने दिलेली सर्व बक्षिसी मालकाने न कापता नोकरांत न्याय्य रीतीने वाटली पाहिजे. म्हणजे पगार ठरवून देणे अशक्य असते, ही सबब खरी नाही. जेथे ठरविले, तेथे ते झाले.

मग बक्षिसी द्यावी की देऊ नये? काही सुशिक्षित मंडळी म्हणतात, की बक्षिसीने माणूस लाचार होतो आणि मालकास पगार कमी ठेवण्याची सवड मिळते. म्हणून ती देऊच नये. तत्त्व म्हणून यात तथ्य आहे. परंतु तत्त्वासाठी होणारे नुकसान आपले नसून त्या वाढप्याचे असते, आणि दुसऱ्याच्या खर्चाने तत्त्व पाळण्यात पुण्य नाही. जोपर्यंत पगार पुरेसा नाही, तोपर्यंत द्यावे. शक्यतो रोख द्यावे आणि त्याच्याच हातात द्यावे. ताटलीत टाकून उठण्यापेक्षा त्याचे नाव विचारून द्यावे. पण दिल्यानंतर आपण उपकार केला असे मात्र मानू नये. आणि हॉटेलमालक ओळखीचा असेल, तर त्याच्या नोकरांस महिन्यास किती देता, हे विचारण्यास संकोच करू नये. भाजी ताजी आहे काय, हे आपण विचारतोच.

तथापि हॉटेल आपल्या घरापासून दूर आहे. खरी परीक्षा घरात आहे. गंगाखेडच्या जनाबाई नामदेवांच्या घरी पंढरपुरास वाढल्या. दळण, कांडण, झाडलोट, पाणी हे त्यांचे काम. त्यांनी आपली ओळख नामदेवांची दासी अशीच सांगितली. प्रत्यक्ष विठ्ठल त्यांच्या जात्यास हात लावावयास येत असे, अशी भाविकांची श्रद्धा आहे. ती गोष्ट आपण मुलांस आवडीने सांगतो, कारण तिच्यात भक्तीचा महिमा आहे. पण तिच्यात दुसरीही एक गोष्ट आहे: त्या घरात काम इतके होते, की मदतीस देव यावा लागला. जनाबाईंचे नाव आपण आदराने घेतो. आणि आज आपल्या घरी भांडी घासून चार घरे करणाऱ्या बाईने सणाला एक दिवस सुटी मागितली, तर घरात कुरबूर होते.

महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. आपल्या घरी काम करणाऱ्या बाईची नोंद त्या मंडळाकडे व्हावी, यासाठी घरातील एखाद्या शिकलेल्या मुलाने वा सुनेने अर्धा दिवस खर्च करण्यास हरकत नाही. एकत्र कुटुंबात ही जबाबदारी कोणाची, हा प्रश्न नेहमी अनुत्तरित राहतो. पगार आजोबा देतात, काम सासूबाई सांगतात, वाढीव काम सुना सांगतात, आणि पाहुणे आले की भांडी दुप्पट होतात. पण पगार तोच. आमची सूचना अशी, की वर्षारंभी घरातील वडील मंडळींनी बसून कामे कोणती, पगार किती, महिन्यास सुट्या किती, पाहुण्यांच्या दिवसांचे वेगळे किती, आजारपणात काय, हे त्या बाईसमक्ष ठरवावे. दिवाळीस एका महिन्याचा पगार हा त्या ठरावातच असावा. त्यास पोस्त म्हणण्यास हरकत नाही, पण तो मागावा लागू नये. उरलेले शिळे अन्न किंवा जुनी लुगडी ही वेतनात धरू नयेत. ती द्यावयाची असल्यास चांगली असतानाच द्यावीत, आणि ती नको म्हणण्याची त्या बाईस मोकळीक असावी.

एवढे ठरल्यानंतर वर जे द्यावयाचे ते खुशाल द्यावे. तिच्या मुलीच्या लग्नास पातळ घ्यावे, मुलाच्या परीक्षेच्या निकालास पेढे द्यावेत. ज्याचा हक्क पोहोचला आहे, त्यास दिलेली भेट ही खरी भेट होते. हक्क बुडवून दिलेली भेट हा केवळ कर्जाचा हप्ता असतो, आणि तो आपण देवदर्शनाला गेलो असताना मोठ्या मनाने दिला म्हणून त्याचे दान होत नाही. येत्या दिवाळीपूर्वी एका संध्याकाळी आमच्या वाचकांच्या घरांतून हा हिशेब मांडला जावा, एवढीच विनंती.